बार्साकमधील काढणीचा एक दिवस

ऑक्टोबरच्या मध्यावर फ्रान्समधील बार्साकमध्ये सकाळी नऊ वाजता दहा पावलांवरची वेलींची ओळसुद्धा दिसत नाही. पाइनच्या जंगलांतून, दाट झाडीच्या सावलीखालून वाहत येणारी सिरों ही लहानशी थंड नदी येथे गारॉनच्या उबदार पाण्याला मिळते आणि शरद ऋतूत या संगमावर रात्रीचे धुके धरते. ते दुपारपर्यंत विरून कोरडे ऊन पडले, तर द्राक्षांवर बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी हवी तशी वाढते. ओल टिकून राहिली, तर त्याच बुरशीची करडी कूज होऊन पीक हातचे जाते. बोर्दोच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सोतेर्न, बार्साक, बॉम, फार्ग आणि प्रेन्याक या पाच गावांची गोड पांढरी वाइन एवढ्याशा फरकावर उभी आहे.

मी नाशिकच्या एका वायनरीतून, हंगामाचे काम शिकण्यासाठी, तेथील एका लहान मळ्यावर गेलो होतो. ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे, त्या दिवशी संध्याकाळनंतर पावसाचा अंदाज होता आणि मळ्याच्या एका तुकड्यातील सेमियों या पांढऱ्या द्राक्षजातीचे घड नेमके तयार झाले होते. काढणीची माणसे, बहुतेक आसपासच्या गावांतील बायका, सकाळपासून शेडखाली उभी होती. त्यांची मजुरी सुरू झालेली होती आणि वाइनमेकर बाई मात्र कोणालाही ओळीत शिरू देत नव्हत्या. दव बसलेला मणी खुडला, तर ते पाणी थेट रसात उतरते आणि बुरशीने इतके दिवस खपून दाट केलेला रस पुन्हा पातळ होतो, एवढेच कारण त्यांनी दिले. नाशिकला आम्ही माल पहाटेच उतरवतो, कारण तेथे शत्रू उष्णता असते; त्यामुळे पाऊस डोक्यावर आलेला असताना हातावर हात ठेवून बसणे मला फार जड गेले. अकराच्या पुढे धुके उठले, तरीही त्यांनी आणखी थांबवले. मधूनमधून त्या एकट्याच ओळीत जात, घडावर तळहात फिरवून पाहत आणि काही न बोलता परत येत.

काम सुरू झाल्यावरही घाईला मुभा नव्हती. येथे सबंध घड क्वचितच काढतात. लहान टोकदार कात्रीने घडाचा हवा तेवढा भाग कापून घेतात. एकाच घडात काही मणी सोनेरी आणि धडधाकट असतात. काही तपकिरी-जांभळे, पण अजून फुगीर असतात. त्यांत बुरशी शिरलेली असते, मात्र पाणी उडालेले नसते. काही आक्रसून, राखाडी लव चढून मनुक्यासारखे झालेले असतात आणि त्या फेरीत घ्यायचे ते एवढेच. बुरशीचे तंतू सालीला सूक्ष्म छिद्रे पाडतात, त्यांतून पाणी उडून जाते आणि मण्यातील साखर व आम्लता दाट होत जाते, शिवाय बुरशी स्वतः ग्लिसरॉलसारखी काही द्रव्ये तयार करते. या वाइनचा मधाचा, जर्दाळूचा आणि केशराकडे झुकणारा गंध याच घडामोडींतून येतो. मागे ठेवलेल्या मण्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा त्याच वेलीकडे यावे लागते आणि एका हंगामात अशा चार-पाच, कधी त्याहूनही अधिक फेऱ्या होतात.

खरी परीक्षा नाकाची होती. काही मणी दिसायला अगदी हवे तसे असतात, परंतु साल फुटून आत ॲसिटिक ॲसिडचे जिवाणू शिरलेले असले, तर जवळ नेताच व्हिनेगरचा भपकारा येतो. शेजारच्या ओळीतील साठीच्या बाई प्रत्येक शंकेचा तुकडा हुंगून पाहत होत्या आणि तरीही त्यांची टोपली माझ्याआधी भरत होती. नुसत्या रंगावर जाऊन निवड करणारा माणूस येथे टिकणार नाही, असे माझे त्या दुपारी ठाम मत झाले.

पिळणीच्या वेळी मात्र माझे शिक्षण पार उलटे झाले. कोरड्या पांढऱ्या वाइनसाठी पहिल्या हलक्या दाबाचा रस उत्तम मानतात आणि नंतरचा बहुधा वेगळा ठेवतात. येथे सर्वांत आक्रसलेले मणी पहिल्या दाबाला दाद देत नाहीत. चोथा मोकळा करून पुन्हा पिळला, तेव्हा रसातील साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवरचा आकडा उतरण्याऐवजी चढला. तिसऱ्या दाबाचा रस अगदी थोडा निघाला आणि साखर त्यातच सर्वाधिक, पस्तीस ब्रिक्सच्या, म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे पस्तीस ग्रॅम साखरेच्या, वर होती. नाशिकला २३-२४ ब्रिक्सला आम्ही माल पिकला असे समजतो. असा रस आंबताना अल्कोहोल १३-१४ टक्क्यांच्या आसपास पोहोचले की यीस्ट थकते आणि लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर वाइनमध्ये शिल्लक राहते.

दिवसभराच्या कष्टातून निघालेला रस पाहून हिशेब मांडण्याचा मोह आवरत नाही. नियमाने हेक्टरी २५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी जेमतेम १,००० लिटर वाइनची मर्यादा आहे आणि पुष्कळ वर्षी तेवढीही निघत नाही. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीत सर्वांच्या वर ठेवलेल्या शातो दिकेम या सोतेर्नमधील मळ्याने २०१२ साली आपली गोड वाइन काढलीच नाही. मला तर ही वाइन आहे त्या किमतीला स्वस्त वाटते. गोड वाइनची मागणी घटल्यामुळे येथील अनेक मळे आता जोडीला कोरडी पांढरी वाइन काढू लागले आहेत, यात नवल नाही.

पाऊस रात्री आला. दुसऱ्या दिवशी काढणीच्या माणसांना सुट्टी मिळाली आणि फुटलेले मणी कापून खाली टाकण्यासाठी आम्ही मोजकीच माणसे ओळींत गेलो. पूर्वेचा कोरडा वारा सुटेपर्यंत पुढच्या फेरीचा दिवस कोणी ठरवला नाही. आदल्या दिवसाचा रस ओकच्या वेगळ्या पिंपांत ठेवला होता, कारण कोणत्या दिवसाची काढणी मुख्य वाइनमध्ये जाईल आणि कोणती दुसऱ्या, कमी किमतीच्या लेबलाखाली विकली जाईल, हे पुढे प्रत्येक पिंपातली वाइन चाखूनच ठरणार होते.