एचिंगचा प्रेस घेऊन मुंबईहून कोल्हापूरला

मी मुद्राचित्रकार आहे. धातूच्या पत्र्यावर मेणमिश्रित थर द्यायचा, त्यावर सुईने रेखाटायचे, पत्रा आम्लात ठेवून रेषा कोरून घ्यायच्या, त्या खाचांत शाई भरायची आणि ओलसर कागदासह तो प्रेसच्या रोलरखालून काढायचा, असे माझे एचिंगचे काम आहे. त्यासाठी जवळजवळ चारशे किलोंचा प्रेस, आम्लासाठी हवेशीर कोपरा, पाण्याचा हौद आणि कागद वाळत घालण्याइतकी मोकळी भिंत लागते. त्यामुळे महागडे शहर सोडावे की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे सर्वप्रथम चौरस फुटांच्या रूपात आला.

मुंबईत गोरेगावच्या एका औद्योगिक वसाहतीत २२० चौरस फुटांचा गाळा आणि दहिसरला राहण्याची खोली, अशा दोन्हींचे मिळून महिन्याला ४१,००० रुपये भाडे मी देत होते. ते निघावे म्हणून आठवड्याचे चार दिवस मुलांना चित्रकला शिकवायची, त्यातून २४,००० रुपये यायचे, उरलेले चित्रांच्या विक्रीतून भागायचे. प्रेससाठी आठवड्यातले दोन दिवस हाती राहत. २०२३ च्या दिवाळीत मी वर्षभराच्या कामाची वही उघडली, तेव्हा बारा महिन्यांत माझ्याकडून फक्त पाच पत्रे पूर्ण झाल्याचे दिसले. त्याच आठवड्यात मी कोल्हापुरातल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला फोन केला.

जागेचा शोध सोपा नव्हता. पहिलीच शेड शहराच्या नदीकडच्या भागात मिळाली. ती प्रशस्त होती आणि भाडे अवघे पाच हजार होते. आत भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक तपकिरी रेघ होती. मालक तिच्याविषयी काही बोलले नाहीत, शेजारच्या चहावाल्या मामांनी मात्र मला थांबवून सांगितले, "ताई, ही २०१९ च्या पाण्याची खूण हाय. २०२१ ला परत आलं हुतं." राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. तळमजल्यावर कागदाचे गठ्ठे ठेवणाऱ्या माणसाने कोल्हापुरात भाडे विचारण्याआधी पाणी कुठवर येते, हे विचारले पाहिजे, आणि तेही मालकाला नव्हे, शेजाऱ्याला.

अखेर राजारामपुरीत एका घरामागची, पूर्वी लेथ चालत असलेली ६०० चौरस फुटांची शेड ९,००० रुपयांना मिळाली आणि जवळच राहायला दोन खोल्या ८,५०० रुपयांना. घरमालकीण काकूंची एकच शंका होती: आम्लाच्या वासाने त्यांचा कढीपत्ता आणि जास्वंद मरणार तर नाहीत ना? ती शंका रास्त होती. तोवर मी जस्ताचे पत्रे नायट्रिक आम्लात कोरत असे आणि त्यातून निघणारा धूर खरोखरच वाईट असतो. काकूंच्या त्या प्रश्नामुळे मी तांबे आणि फेरिक क्लोराइड यांच्याकडे वळले. त्याचा तसा धूर होत नाही. परंतु वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते, त्यामुळे ते मोरीत ओतता येत नाही. धुण्याच्या सोड्याने ते उदासीन करायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि तो वेगळ्या डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचा, हे मी नेमाने पाळते. ज्या शहरात पंचगंगेच्या प्रदूषणावर इतकी वर्षे आंदोलने होत आली आहेत, तिथे बाहेरून येऊन राहणाऱ्याने एवढे तरी करायलाच हवे. अकरा महिन्यांच्या करारात आम्ही ही अट लिहून घेतली आणि कराराची रीतसर नोंदणी केली. मुद्रांक शुल्क पाव टक्काच असते, तेव्हा ते वाचवण्यासाठी नोंदणी टाळण्यात काहीच शहाणपण नाही. प्रत्येक मित्राला मी हेच सांगते, कारण तोंडी बोलीवर घेतलेली जागा सोडावी लागली तर कपडे एका दिवसात हलतात, प्रेस हलत नाही.

मार्च २०२४ मध्ये प्रेस सुटा करून, चेन ब्लॉकने टेम्पोत चढवून आणला, आणि उतरवताना गियरचा एक दात तुटला. वाहतूकदाराने हात वर केले. मुंबईत असते तर पुढचे दोन महिने दुरुस्ती करणारा शोधण्यात गेले असते. इथे शिवाजी उद्यमनगर पायी जाण्याच्या अंतरावर होते. ओतकाम, लेथ आणि मिलिंगची कामे पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या त्या वस्तीत एका मिस्त्रींनी शेडमध्ये येऊन प्रेसभोवती दोन फेऱ्या मारल्या, रोलरवरून हात फिरवला आणि विचारले, "ताई, हे चित्राचं मशीन हाय व्हय? उसाच्या चरकागत दिसतंय की." तिसऱ्या दिवशी २,८०० रुपयांत नवा गियर बसला. रोलरचा दाब दोन्ही बाजूंना सारखा पडत नसल्याचे मी अनेक वर्षे सोसत होते. तो दोषही त्यांनीच ओळखला आणि बेअरिंग बदलून दूर केला. स्वस्त भाड्याच्या आशेने मी आले होते, पण या शहराने मला दिलेली पहिली मोलाची गोष्ट म्हणजे लोखंड जाणणारा हा शेजार.

आता पैशांचा हिशेब. भाड्यात महिन्याला २३,५०० रुपये वाचले. शिकवण्याचे २४,००० गेले. इथल्या रविवारच्या वर्गातून ७,००० मिळतात, आणि मुंबईला चित्रे पाठवणे, फ्रेमिंग व महालक्ष्मी एक्सप्रेसच्या फेऱ्या यांवर सरासरी ५,००० खर्च होतात. म्हणजे सगळी उलथापालथ करून हाती दीड हजार अधिक राहतात. जे पैशांसाठी निघू पाहतात, त्यांनी हा आकडा नीट पाहावा. बदलले ते दिवस: दोनाचे पाच झाले, आणि पहिल्या वर्षात पाचांऐवजी चौदा पत्रे पूर्ण झाले.

गमावलेही पुष्कळ. काळा घोड्यावरून चालताना सहज भेटणारी माणसे, जहांगीर कलादालनाच्या पायरीवर एखाद्या ज्येष्ठाने दोन वाक्यांत केलेली चिरफाड, हे इथे नाही. एका दालनाने तर वाहतुकीची कटकट नको म्हणून सामूहिक प्रदर्शनातून माझे नाव वगळले, आणि ते मला लागले. इथे शाहू स्मारक भवनात मी प्रदर्शन मांडले, तेव्हा पाहायला माणसे भरपूर आली, त्यांत कलानिकेतन आणि दळवीज या इथल्या कलासंस्थांचे विद्यार्थी तासन् तास थांबले. पण १५ प्रतींची आवृत्ती म्हणजे झेरॉक्स नव्हे, प्रत्येक प्रत हाताने शाई भरून काढलेली असते, हे सांगण्यात माझे तीन दिवस गेले. विकली गेली तीन चित्रे. निसर्गचित्राची इतकी सशक्त परंपरा असलेल्या गावात काळ्या रेषांच्या कामाला वेळ द्यावा लागणार, हे मी स्वीकारले आहे.

तरीही या शहराला कलेचे सोयरसुतक नाही, असे कोणी म्हटले तर मला ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवते. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले नाट्यगृह, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, त्या रात्री जळाले. खासबागेकडच्या रस्त्यावर उभी असलेली माणसे घरचे कोणी गेल्यासारखी रडत होती, आणि त्यांतले बहुतेक नाटकवाले नव्हते. आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असे मला प्रथम वाटले, ते त्या धुरात.

कलावंताने कुठे राहावे, हा वाद कोल्हापूरला नवा नाही. १८६७ साली इथे जन्मलेले चित्रकार धुरंधर मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकून तिथेच शिकवू लागले. चित्रकार आबालाल रहिमान त्याच जे. जे.मधून शिकून परत आले आणि रंकाळा, कोटितीर्थ रंगवत राहिले. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली आणि चार वर्षांत पुण्याला गेली. आबालालना शाहू महाराजांचा आश्रय होता, ही गोष्ट मात्र आपण विसरतो. माझा आश्रय म्हणजे मुंबईत पंधरा वर्षे जमवलेली ओळख: चित्रे अजूनही तिथले लोकच घेतात आणि मी ती इथे बसून छापते.

हे मला स्पष्ट कळले ते माझ्याकडे शनिवारी मदतीला येणाऱ्या मुलीमुळे. ती कलानिकेतनमधून शिकली आहे आणि माझ्यापेक्षा सरस रेखाटते. एकदा मी भाड्याच्या स्वस्ताईचे कौतुक करत असताना ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हाला नऊ हजार स्वस्त वाटतात. मला इथल्या शाळेत सहा हजार मिळतात." त्यानंतर मी 'स्वस्त शहर' हा शब्द जपून वापरते, कारण हे शहर बाहेरून पैसे आणणाऱ्याला स्वस्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून जागांना मागणी वाढल्याची चर्चा सगळीकडे आहे, आणि काकूंनीही या वेळी करार वाढवताना हजार रुपये अधिक मागितले. मी दिले. पण त्या मागणीत माझ्यासारख्यांचाही वाटा आहे, हे मी नाकारत नाही. म्हणून पंचविशीतल्या मुलाने मला विचारले तर मी त्याला आधी मुंबईत काही वर्षे काढायला सांगते, आणि ओळखी झालेल्या, पण कामाला दिवस न उरलेल्या माणसाला सांगते की, नीघ.

शनिवारी आणि बुधवारी प्रेस आता इथल्या मुलांसाठी मोकळा असतो. शाई आणि कागद त्यांचा, बाकी काही घेत नाही. त्या मुलीने त्यावर अकरा पत्र्यांची मालिका छापली आहे. जूनमध्ये ती मुंबईला निघाली आहे. गोरेगावच्या माझ्या जुन्या गाळ्याच्या मालकांना मी फोन केला होता. तो सध्या रिकामा नाही, पण दोन मुलींबरोबर वाटून घेता येईल असा एक गाळा त्याच वसाहतीत आहे. तिच्या चित्रांचा गठ्ठा मी काल बटर पेपर घालून बांधून ठेवला.