आज सुया नाही

बंड्या हा पाच वर्षांचा डॅशहुंड जातीचा कुत्रा. काकांनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं तेव्हा मागचे दोन्ही पाय लोंबत होते. आदल्या संध्याकाळी सोफ्यावरून उडी मारली, रात्री पाय ओढायला लागला, सकाळी तेही थांबलं. घरच्यांनी रात्रभर कमरेला तेल चोळलं होतं. काका म्हणाले, "डॉक्टर, कापाकापी नको. तुम्ही ॲक्युपंक्चरच्या सुया लावता असं कळलं, म्हणून थेट इथेच आलो."

आधी तेलाबद्दल, कारण दर पावसाळ्यात हेच बघते. डॅशहुंडच्या मणक्यांमधली गादी तरुणपणीच कडक व्हायला लागते. त्यामागे एफजीएफ४ जनुकाची एक जादा प्रत आहे, हे २०१७ मध्ये समजलं. अशी गादी फुटून मज्जारज्जूवर आदळली असताना पाठ चोळली, तर उरलेलीही बाहेर ढकलली जाऊ शकते. शिवाय कुत्रं तेल चाटतं. विंटरग्रीनचं तेल असेल तर सॅलिसिलेट पोटात जातं, आणि मग आम्हाला वेदनाशामक द्यायचीही भीती.

मी बोटाच्या हाडावर चिमटा दाबला. उजवा पाय आखडला. काका आनंदाने म्हणाले, "हलतोय की!" पण पाय आखडणं आणि दुखणं कळणं, या वेगळ्या गोष्टी. पाय मेंदूला न विचारताही आखडतो. बघायचं असतं ते तोंडाकडे: मान वळते का, केकाटतो का. उजव्या बाजूला बंड्या शांतपणे दाराकडे बघत राहिला. डाव्या बाजूला खूप दाबल्यावर त्याने मान वळवली, तीही उशिरा. संवेदना निघून चालली होती.

"काका, आज सुया नाही. आज ऑपरेशन."

खोल संवेदना, म्हणजे हाडावर दाबलेलं दुखणं कळणं, शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्रे चालतात. ती गेली, की साधारण निम्मेच. काका चिडून उठले. सगळेच डॉक्टर शेवटी कापायला पाठवतात, म्हणाले. मी ॲक्युपंक्चर करते, त्यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच नाही म्हणतेय, हे मी त्यांना तीनदा समजावलं. शेवटी त्यांच्या मुलीने गाडीची किल्ली उचलली. एमआरआय झाला आणि त्याच संध्याकाळी सर्जनने छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यामधून खडूच्या ओल्या चुऱ्यासारखा ऐवज काढला. काम अप्रतिम होतं.

घरी सोडतानाच्या कागदावर मात्र एवढंच: 'विश्रांती द्या.' मूत्राशय दाबून रिकामं कसं करायचं, दिवसातून किती वेळा, एक अक्षर नाही. बंड्या परत माझ्याकडे आला तेव्हा लघवीत संसर्ग झालेला होता. पायांना जीव आणणाऱ्या कामाला आपल्याकडे अजून वैद्यक मानत नाहीत, याचा मला राग येतो.

मग सुया. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याखाली, विजेच्या हलक्या स्पंदनांसह. बंड्या दर वेळी झोपून जायचा. टाके भरून आल्यावर पाण्यातली ट्रेडमिल. पाण्याच्या पातळीचा हिशोब फार सुंदर आहे: घोट्यापर्यंत पाणी असलं तर पायांवर जवळपास ९१ टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत ८५, आणि खुब्यापर्यंत जेमतेम ३८. त्या ३८ टक्क्यांवर त्याने पहिलं पाऊल स्वतः टाकलं. मी त्याचा मागचा पंजा हातात धरून पाण्यात उकिडवी बसले होते, आणि तो पंजा माझ्या हातातून निसटला.

आज बंड्या चालतो. वळताना कंबर डावीकडे झुकते, ओल्या फरशीवर घसरतो. सर्जन म्हणतात, गादी काढल्यावर तो तसाही चालला असता. काका म्हणतात, सुयांनीच उठवला. ऑपरेशननंतर पिंजऱ्यात नुसतं पडून काढलेल्या कंटाळवाण्या आठवड्यांचं नाव कुणीच घेत नाही. एकाच कुत्र्यावरून यांतलं कशाने किती झालं हे मला वेगळं काढता येत नाही, आणि रात्री केसपेपर लिहिताना मी अजूनही त्याच ओळीवर थांबते.

काका बागेत सगळ्यांना सुयांबद्दल सांगतात. परवा त्यांच्या ओळखीच्या एका बाईंचा फोन आला: लॅब्रेडॉर उठत नाही, ऑपरेशन नको, एक्स-रे नको, फक्त सुया. मी म्हटलं, आधी घेऊन या, मी पाय तपासते. त्यांनी विचार करून कळवते म्हणून फोन ठेवला.