नाकावरची माती

परवा भाचीला बाल्साच्या लाकडाचं ग्लायडर करून दिलं. गच्चीवरून सोडलं की नाक वर करायचं, जागच्या जागी अडखळायचं आणि धपकन पडायचं. नाकावर चिमूटभर शाडू लावली, तसं संथ तरंगत पार कठड्यापर्यंत गेलं. तिने उत्साहाने आणखी गोळा चिकटवला. मग शेपटीची पट्टी कितीही वाकवली तरी फरकच पडेना. "मामा, हे आता ऐकतच नाही!"

अगदी बरोबर बोलली पोर. वजनाचा मध्य लिफ्टच्या, म्हणजे पंखांना वर उचलणाऱ्या बलाच्या, मध्यापेक्षा पुढे असला, की वाऱ्याने उचललेलं नाक विमान आपणहून खाली आणतं. प्रवासी विमानात हे हवंच. पण लढाऊ वैमानिकाला नाक झटकन उचलून वळायचं असतं, आणि स्थिर विमान तिथेही नाक खालीच ओढतं. ध्वनीच्या वेगापलीकडे तर लिफ्टचा मध्य मागे सरकतो, हट्ट आणखी वाढतो.

आपल्या तेजस या लढाऊ विमानाला आडवी शेपटी नाही. नाक उचलायचं काम पंखांच्या मागच्या कडेचे हलते पट्टे, म्हणजे एलेव्हॉन, करतात. तेजस स्थिर असतं, तर वळणात ते बरेच वर करून धरावे लागले असते आणि पंखांची लिफ्ट ऐन गरजेच्या वेळी घटली असती. म्हणून ते मुद्दाम अस्थिर केलंय. नुसत्या हातांनी ते सांभाळणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. चार समांतर चॅनेलचा फ्लाय-बाय-वायर (म्हणजे वैमानिकाचे हुकूम विजेच्या तारांतून पोचवणारा) संगणक क्षणोक्षणी एलेव्हॉन हलवत राहतो.

यात चूक झाली तर काय होतं, ते स्वीडनने २ फेब्रुवारी १९८९ ला पाहिलं. ग्रिपेन या त्यांच्या लढाऊ विमानाचा पहिला नमुना उतरताना वर-खाली हेलकावत धावपट्टीवर आपटला. वैमानिक वाचला; दोष नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये निघाला.

तेजसच्या याच कामात १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने हात काढून घेतला. नियंत्रणाचे नियम आपल्या लोकांनी इथेच पुरे केले, आणि ४ जानेवारी २००१ ला बंगळुरूत विंग कमांडर राजीव कोठियाल ते विमान घेऊन उडाले. कुणाचातरी जीव आपल्या गणितावर सोपवून त्या सकाळी धावपट्टीकडे बघत उभ्या असलेल्या त्या इंजिनिअरांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तेजस आमच्या नाशिकजवळ, ओझरलाही बनतं. भाचीला हे सांगितल्यापासून आवाज आला की ती गच्चीवर पळते. रविवारी माती शेपटीकडे लावून बघायची, असं तिनेच ठरवलंय.