मुंबईत जानेवारीत पाऊस

वर्षातला सर्वाधिक पाऊस किती, असं डेटाबेसला विचारलं. उत्तर आलं, ‘निरंक’.

काम तसं सरळ होतं. कुर्ल्याकडे मिठी नदीच्या बाजूला एका कारखान्याच्या आवारात दर पावसाळ्यात पाणी भरतं. असलेले पंप पुरतात का, हे आमच्या छोट्या ऑफिसने सांगायचं होतं. कारखान्याच्या गच्चीवर स्वतःचं पर्जन्यमापक आहे आणि पंप किती तास चालले याची नोंदही ठेवतात. सगळं एक्सेलमध्ये. वर्षाला एक फाइल, महिन्याला एक शीट, वर रंगीत मर्ज केलेलं शीर्षक. डोळ्यांना छान, पण ‘शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला त्या सगळ्या दिवशी पंप किती चालले’ हे विचारायचं तर शीटमागून शीट उघडत बसावं लागतं. म्हणून पायथन भाषेतल्या प्रोग्रामने सगळं उचलून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाकायचं ठरवलं.

आता ते निरंक. सरकारी रजिस्टरांची सवय असलेला माणूस शून्य लिहीत नाही, निरंक लिहितो. आणि एसक्यूलाइटच्या साध्या टेबलात कॉलम आकड्यांचा म्हणून जाहीर केला तरी शब्द आत येतो, कुणी अडवत नाही. वर क्रम लावताना शब्द हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. म्हणून जुलैतल्या मुसळधार पावसावर निरंकने मात केली. बेरीज तर आणखी घातक, कारण तिथे असा शब्द शून्य म्हणून मुकाट्याने जमा होतो. एसक्यूलाइटच्या आवृत्ती 3.37 पासून स्ट्रिक्ट टेबल करता येतं, म्हणजे आकड्यांच्या कॉलमात शब्द घ्यायला नकार देणारं. ते केलं, तेव्हा आयात पहिल्याच निरंकवर अडकली. मला तेच हवं होतं. निरंकचं शून्य केलं, रिकामे चौकोन मात्र रिकामेच ठेवले.

मग पहिला आलेख काढला. जानेवारीत पाऊस! फेब्रुवारीत, मार्चमध्येही, आणि दर महिन्याच्या सहा ते नऊ तारखेलाच. उलट जून ते सप्टेंबरचे पहिले बारा दिवस बहुतेक कोरडे. बारा हा आकडा दिसल्यावर उलगडा झाला. या फायली कधीतरी सीएसव्हीतून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुरातून, अमेरिकन तारखेच्या (आधी महिना, मग दिवस) सेटिंगवर उघडल्या होत्या. 05/07 म्हणजे आपली पाच जुलै, एक्सेलने ती सात मे करून टाकली. 13/07 ला तेरावा महिना सापडेना, म्हणून ती नुसता मजकूर म्हणून तशीच राहिली. शीटच्या नावात महिना होता म्हणून वाचलो. जुलैच्या शीटमधली तारीख जुलैची नसेल तर दिवस-महिना उलटवायचा, एवढा नियम पुरला.

तारखा सुधारल्या आणि पाऊस व पंप एकाच आलेखात घेतले, तर पंप बऱ्याचदा पावसाच्या आदल्या दिवशी धावत होते. हे काही कोडने सुटणारं नव्हतं. नोंद ठेवणाऱ्या काकांना फोन लावला.

“ताई, मी मोजतो सकाळी साडेआठला,” काका म्हणाले. “ते पाणी कालचं. पंपाचं मात्र रात्री बाराला बंद करतो.”

बरोबरच होतं. हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठलाच संपतो. 26 जुलै 2005 चा सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस 27 तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे. (त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम 73. कारखान्याने स्वतःचं मापक ठेवलंय ते उगाच नाही.) मी पाऊस एक दिवस मागे सरकवला. ते साडेआठ तासांचं अंतर उरतंच, पण आलेख शहाणा झाला.

“आणि काका, ते रिकामे चौकोन?”

“रविवारी मी नसतो. सोमवारी दोन दिवसांचं एकदम लिहितो.” मग जरा थांबून, “फार पडला तर भांडं भरून सांडतं हो.”

आमच्या साहेबांचं म्हणणं, सोमवारचा आकडा अर्धा-अर्धा वाटून टाका, पट्ट्या सारख्या दिसतील. मला ते पटलं नाही. शनिवारी रात्री कोसळून रविवारी ऊन पडलेलंही असू शकतं. टेबलात ‘किती दिवसांचा’ असा एक कॉलम वाढवला आणि आलेखात तिथे दोन दिवसांची रुंद, रेघारेघांची पट्टी दाखवली. साहेब अजून कुरकुरतात.

शेवटी दिसलं ते असं: पंप सर्वांत जास्त चाललेले दिवस आणि सर्वांत जास्त पावसाचे दिवस एक नाहीत. पाऊस बेताचाच, पण पंप दिवसभर चालू, असे बरेच दिवस निघाले. मिठीला समुद्राची भरती चढते, तेव्हा आवारातलं पाणी जाणार कुठे? आता भरतीच्या वेळा आणि उंची यांचं तिसरं टेबल जोडतेय. त्या तक्त्याची तारीख मध्यरात्री बदलते, हे आधी विचारून घेतलंय.