गाडीच्या कार्पेटमध्ये दीड लिटर ऑइल सांडलं, ते निघेपर्यंतचा माझा अनुभव

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मृग तोंडावर आलेला आणि गावाकडं पॉवर टिलरचं ऑइल बदलायचं राहिलेलं. आप्पांचा फोन आला की चिखलणीच्या आधी झालं पाहिजे, तू येताना ऑइल घेऊन ये. घरात इंजिन ऑइलचा पाच लिटरचा कॅन होता, १५ डब्ल्यू ४० ग्रेडचा, त्यातलं लिटरभर आधी वापरलेलं. तोच उचलला, ड्रायव्हर सीटच्या मागं पायाशी ठेवला आणि कराडहून निघालो. मल्हारपेठ, पाटण, तिथून मोरगिरीच्या बाजूला आमचं गाव. पाटणच्या पुढं वळणं सुरू झाली की सामान हलतंच, पण टोपण आट्यात नीट बसलं नव्हतं हे मला दारात गाडी थांबवल्यावर कळलं. कॅन आडवा, त्यात अडीच लिटर शिल्लक, म्हणजे दीड लिटर खाली.

रबरी मॅट उचलली तर तिच्यावर थोडंसंच होतं, बाकी सगळं कडेनं खाली उतरून कार्पेटमध्ये गेलेलं आणि पुढं सीटच्या रेलखाली. मी घाबरून पहिलं फडकं घेतलं आणि जोरात पुसायला लागलो. ही पहिली चूक. ताटलीएवढा डाग पाच मिनिटात परातीएवढा झाला. आप्पा आले, बघितलं आणि म्हणाले, "अरे घासू नकोस, आणि पाणी तर अजिबात ओतू नकोस, आधी भुसा टाक." सुताराकडनं घमेलंभर लाकडाचा भुसा आणला, तो जाड थर करून टाकला, वर पाय देऊन दाबला आणि रात्रभर ठेवला. सकाळी भुसा काळपट आणि जड झालेला. दोन वेळा बदलला. आजी म्हणत होती चुलीतली राख टाक, तेलकट भांडी तिनंच निघतात, आणि राख तेल ओढते हे खरंच आहे पण ती इतकी बारीक असते की कार्पेटच्या धाग्यात बसली की परत निघत नाही, म्हणून नको म्हणलं.

एक गोष्ट मला सगळ्यात आधी सांगायला हवी होती. ऑइल सांडलेल्या गाडीत पाय ठेवलात तर आधी चपलेचा तळ बघा. माझ्या बुटाच्या तळाला ऑइल लागलेलं होतं आणि तसाच मी ब्रेकवर पाय ठेवणार होतो. पाय सटकला असता तर डागाचं दुःख बाजूलाच राहिलं असतं. पेडलची रबरं भांडी घासायच्या लिक्विडनं धुतली, बूट बदलले, मगच गाडी हलवली.

कराडला परत आलो तेव्हा वरून डाग बराच फिका दिसत होता म्हणून एका वॉशिंग सेंटरला गाडी दिली, इंटिरिअर क्लीनिंग म्हणून बाराशे रुपये. त्यांनी शाम्पू मारला, भरपूर पाणी मारलं, वरून ओढून घेतलं, गाडी हातात आली तेव्हा कार्पेट नव्यासारखं. तिसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तर डाग परत तिथंच आणि वास पहिल्यापेक्षा जास्त.

हे का होतं ते मला शेजारच्या दादांनी समजावलं, ते ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. आपण ज्याला कार्पेट म्हणतो तो वरचा पातळ थर असतो, त्याच्या खाली चिंध्या दाबून केल्यासारखा जाड फेल्ट असतो, आवाज आणि उष्णता अडवायला. ऑइल त्या फेल्टमध्ये जाऊन बसतं. वरचा थर तुम्ही धुतला की तो वाळायला लागतो, आणि वाळता वाळता खालचं ऑइल धाग्यातून वर चढतं, समईतलं तेल वातीतून चढतं तसंच अगदी. आणि ऑइल पेट्रोलसारखं उडून जात नाही. महिनाभर दारं उघडी ठेवली तरी ते तिथंच राहणार. म्हणजे डाग कार्पेटवर नव्हताच, तो खाली होता, आणि आम्ही सगळे वरच घासत होतो.

मला इतकी घाई का होती तर आईमुळं. तिला गाडी लागते, नेहमीच लागते, आवळासुपारी तोंडात धरून ती कशीबशी पाटणपर्यंत येते. गुडघ्यासाठी तिला दर महिन्याला कराडला डॉक्टरांकडं आणावं लागतं. जूनच्या पहिल्या फेरीत त्या वासानं तिला दोनदा गाडी थांबवायला लागली, भर पावसात ती रस्त्याच्या कडेला उभी होती आणि मला बघवत नव्हतं. त्या दिवशी ठरवलं की आता मुळापासून काढायचं.

सल्ले खूप मिळाले. एक मेकॅनिक म्हणाला पेट्रोल मार, मिनिटात निघेल. सीट कव्हरवाला म्हणाला वरून लॅमिनेशन, म्हणजे कार्पेटवर बसवायचा प्लास्टिकचा थर, टाकून घ्या, दिसणारच नाही. दोन्ही मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. पेट्रोल ऑइल पातळ करतं आणि पातळ झालेलं ऑइल अजून खोल आणि अजून लांब पसरतं, शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती गाडीच्या तळाशी साठून राहते आणि सीटखाली वायरिंग असतं, एक ठिणगी पुरे. रॉकेल आणि थिनरचं पण तेच, वर कार्पेटच्या मागचा गोंद सुटतो तो वेगळाच. आणि लॅमिनेशननं ऑइल आणि ओल दोन्ही कोंडली जाते, खालचा पत्रा गंजतो.

मधे चार दिवसांची उघडीप मिळाली तेव्हा काम काढलं. दादा मदतीला होते म्हणून जमलं, कारण ड्रायव्हर सीट काढावी लागते. आमच्या गाडीत चार बोल्ट, १४ नंबरचा पाना. पण सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर हात लावू नका, पिवळं म्हणजे एअरबॅगचं किंवा सीट बेल्टचं वायरिंग. दादांनी चावी बंद केली, बॅटरीचा निगेटिव्ह काढला, दहा मिनिटं थांबायला लावलं, मगच कनेक्टर सोडवला. माहीतगार माणूस नसेल तर हे काम एकट्यानं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपातून काढली आणि मागच्या बाजूचं कार्पेट उचलून खाली लाकडाचा ठोकळा दिला. खालचा फेल्ट बघितला आणि पोटात गोळाच आला, वरनं दिसणारा डाग खाली त्याच्या दुप्पट पसरलेला, दाबला की ऑइल बोटावर येत होतं. आधी जुनी वर्तमानपत्रं वर खाली घालून पाण्याचे कॅन वजनाला ठेवले, दोन तासांनी बदलायची, असं दिवसभर. पण फेल्टमधनं पूर्ण निघणं शक्यच नव्हतं, म्हणून जेवढा भिजला होता तेवढा, साधारण दीड फूट बाय एक फूट, सरळ कापून टाकला. नवीन फेल्टचा तुकडा मिळाला त्याच सीट कव्हरवाल्याकडं. धुण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. खालचा पत्रा लिक्विडच्या फडक्यानं पुसला, तळाला रबरी बुचं असतात ती काढून धुतली, कारण ऑइलमध्ये भिजत राहिलं की रबर फुगतं आणि सैल होतं, मग पावसाचं पाणी आत यायला वेळ लागत नाही.

आता वरचा थर. मक्याचं पीठ आणि खायचा सोडा निम्मा निम्मा, दोन्ही बाजूंनी चांगला जाड थर, बोटांनी हलका दाबलेला, रात्रभर. सकाळी व्हॅक्यूम. असं तीन रात्री केलं, तिसऱ्या रात्री पीठ पांढरंच राहिलं तेव्हा ओलं काम सुरू केलं. टबभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन चमचे, जास्त नको, जास्त घातलं तर साबणच निघत नाही आणि चिकट राहिलेल्या साबणावर धूळ बसून नवा डाग होतो. मऊ ब्रश, आणि डागाच्या कडेकडून मधे यायचं, मधून बाहेर कधीच नाही. फेस झाला की पांढरं सुती कापड ठेवून दाबायचं, घासायचं नाही. पांढरंच घ्या, कारण कापडावर पिवळं उतरतंय का ते दिसलं पाहिजे. चार फेऱ्यांनंतर कापड स्वच्छ आलं. मग नुसत्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा, आणि टेबल फॅन लावून दोन दिवस वाळवणं. पावसाळ्यात हे वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं, ओल राहिली तर बुरशी येते आणि ऑइलच्या वासाच्या जागी कुबट वास सुरू होतो.

निघालं की नाही हे बघायला दादांनी एक युक्ती सांगितली. वाळल्यावर पांढरा टिश्यू पेपर ठेवायचा, वर वजनाला वीट, रात्रभर. पहिल्या रात्री टिश्यूवर पुसटसं तेलकट वर्तुळ आलं, म्हणून त्या जागी परत सोडा पीठ आणि परत लिक्विड. दुसऱ्या वेळी कोरा निघाला. तेव्हाच फेल्ट बसवला, कार्पेट खाली सोडलं, सीट लावली.

ऑइलचा भुसा घरी बंबात घालू का असं गावाकडं विचारलं होतं, ते मी थांबवलं, त्याच्या धुरानं घर काळं होतं आणि तो धूर छातीला वाईट. ओढ्याकडं टाकायचा तर प्रश्नच नाही, तिथनंच पाणी शेतात जातं. भुसा, पेपर, फेल्टचा तुकडा सगळं पोत्यात बांधून कराडच्या एका गॅरेजला दिलं, ते जुनं ऑइल ड्रममध्ये साठवून नेणाऱ्याला देतात, त्यातच हेही जातं.

जुलैत आईला आणायला गेलो. मोरगिरी सोडल्यावर पाऊस लागला आणि तिनं स्वतःहून काच वर घेतली. मागच्या फेरीत ती पूर्ण भिजली होती पण काच खाली ठेवूनच बसली होती. पाटण गेलं, मल्हारपेठ गेलं, आवळासुपारीची पुडी तशीच मांडीवर.

रेलच्या कडेला रुपयाएवढी सावली अजून आहे, टिश्यू तिथंही कोरा येतो म्हणून ती मी सोडून दिली. आणि ऑइलचा कॅन आता डिकीत, प्लास्टिकच्या टबमध्ये उभा, कडेनं गोणपाट कोंबून, टोपणावर पिशवी बांधून.