सिल्व्हर घोस्टचा सिलिंडर ब्लॉक मिळेपर्यंत : माझा अनुभव

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या इंग्लंडमधल्या डर्बीत. इथल्या एका इंग्रज काकांकडे 1912 ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आहे, सहा सिलिंडर, 7428 सीसी, तिचं इंजिन ओव्हरहॉल करायला मी हौसेनं जायला लागलो. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग), क्लच सगळं झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडकलो ब्लॉकवर.

या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वेगळं निघतच नाही. तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक, हेडसकट एकसंध ओतलेले. पुढच्या ब्लॉकचं वॉटर जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची थंड पाण्याची पोकळी, आतून गंजून पाणी झिरपायला लागलं म्हणजे आख्खा ब्लॉकच नवा ओतायचा. हे काम करणारे मोजकेच, आणि आमच्या फौंड्रीवाल्यानं जे झुलवलंय ते आठवलं की अजून डोकं तापतं. आधी म्हणे पॅटर्न (ओतकामाचा नमुना) तपासतोय, मग भट्टीला नंबर लागत नाही, आणि शेवटी ओतला तर आतला कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) सरकलेला, जॅकेटची भिंत एकीकडे जाडजूड आणि दुसरीकडे नुसता पापुद्रा! अल्ट्रासॉनिक गेज (जाडी मोजायचं यंत्र) लावून आकडे दाखवले तर म्हणतो मशीनिंगमध्ये निघून जाईल. अहो, पातळ भिंत मशीनिंगनं जाड कशी होणार? कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्र्या बघत वाढलोय मी. ब्लॉक परत ओतायला लावला, तर पुन्हा तेच, फोन केला की "पुढच्या आठवड्यात".

म्हणून सांगतो, कास्टिंग हातात आल्याशिवाय गाडी खोलू नका, आणि जाडी मोजून प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

शेवटी एकदाचा ब्लॉक मिळाला. तो वरून पिस्टनांवर उतरवायचा असतो. एक पिस्टन टॉपला आणला की बाकीचे दोन खाली सारख्याच उंचीवर राहतात, तो आत गेला की या दोघांच्या रिंगा एकदम दाबाव्या लागतात, दोन माणसं हवीतच. रॉइसनं दोन तीन-सिलिंडरी इंजिनं पाठीला पाठ लावावी तशी मांडणी केलीय, 3 आणि 4 नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, खाली सात बेअरिंगची जाड क्रँक (पिस्टननी फिरणारा दांडा). 1907 ला सिल्व्हर घोस्ट 14,371 मैल बंद न पडता धावली ती उगाच नाही. 1908 ला मुंबई-कोल्हापूर ट्रायलही सिल्व्हर घोस्टनंच मारली.

चालू करताना पेट्रोलच्या टाकीत हातपंपानं हवा भरायची, स्पार्क मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं, मग हँडल. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा काकांनी मला मिठीच मारली. गरम इंजिन थोडा वेळ बंद ठेवून नुसता कॉइलचा, म्हणजे ठिणगी देणाऱ्या गुंडाळीचा, स्विच टाकला तर हँडल न मारता चालू झालं, आमच्या हातचं इंजिन! अभिमान वाटला.

हां, आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी अजिबात भरू नका, गंजरोधक घातलेलंच भरा.