एका एसचं वाळवंट

अलिबागहून रेवदंड्याला जाताना दुपारी एका घरगुती खानावळीत जेवायला थांबलो. पडवीत चार टेबलं, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेलं इंग्रजी मेनूकार्ड. सगळं जागच्या जागी. फक्त तळाला, गोडाच्या मथळ्यात, डेझर्टला एकच एस. दोन एस म्हणजे जेवणानंतरचं गोड, एक एस म्हणजे वाळवंट. हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

खोड जुनी आहे. लग्नपत्रिका, औषधाच्या दुकानाची पाटी, लिफ्टमधल्या सूचना, काही सुटत नाही. बायको सोबत असली की आधी पेन काढून घेते. आज ती नव्हती, पण कार्डावर प्लास्टिक होतं.

ही खोड लावली आमच्या इंग्रजीच्या बाईंनी. शाळेसमोर वह्या-पेन्सिलींचं एक दुकान होतं आणि त्याच्या पाटीवर स्टेशनरीत ईच्या जागी ए. बाई सांगायच्या, "ए-वाली म्हणजे जागची न हलणारी. एन्व्हलपचा ई, म्हणून कागदाची ती ई-वाली." आम्ही खिदळायचो, कारण दुकानातले काका खरोखरच जागचे हलत नसत. गल्ल्यामागे मांडी घालून बसलेले. दुरेघी वही मागितली की नुसती हनुवटी उडवायचे, "त्या फळीवर आहे, घे." कंपास, खडू, शाईची दौत, सगळं आपणच काढायचं, धूळ सदऱ्याला पुसायची आणि पैसे त्यांच्या पुढ्यात ठेवायचे. सुटे नसले की लिमलेटची गोळी, तीही बरणीत आपणच हात घालून. पावसाळ्यात तिथल्या वह्यांना ओलसर वास यायचा, पानं एकमेकांना चिकटायची. तो वास आला की मला अजून गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

एकदा धीर करून म्हटलं, "काका, पाटीवर स्पेलिंग चुकलंय." त्यांनी पाटीकडे मानसुद्धा वळवली नाही. "वह्या मिळतात ना?"

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की हे दोन्ही शब्द सख्खे भाऊ. मध्ययुगीन युरोपात बरेचसे विक्रेते फिरस्ते. विद्यापीठाच्या आसपास एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकायचा तो स्टेशनर, आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. ए आणि ई हा वाटणीनंतर घातलेला गडगा. काकांची पाटी तशी फार काही चुकलेली नव्हती. बाईंना हे सांगायचं राहून गेलं.

आणि शुद्ध स्पेलिंगचं तरी काय घेऊन बसलात! त्याच कार्डावर वर 'बॉम्बे डक फ्राय' होतं, अक्षर न् अक्षर बिनचूक. बोंबील! ना पंख, ना चोच. सुके बोंबील बॉम्बे डाकगाडीतून जायचे, गाडीभर वास सुटायचा, म्हणून डाकचं डक झालं असं सांगतात. गोष्ट झकास आहे, पण मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ मध्ये आणि हे नाव इंग्रजीत त्याच्याही आधीपासून. बदक आलं कुठून, ते बोंबलालाच ठाऊक. खोडायला मात्र तिथे एक अक्षर सापडलं नाही. म्हणून खाल्लं. रवा लावून, कुरकुरीत, आत लोण्यासारखं. दुसरी प्लेटही मागवली.

मावशी ताट उचलायला आल्या. मी कार्डाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मावशी, हे गोडाचं काय आहे?"

"नाय ओ दादा, तिथं काय नाय. शनवार-रयवारी मोदक करतो. आज काय बी नाय."

पेन खिशात परत ठेवलं आणि बडीशेप घेऊन उठलो.